पहारेकरी गाठ

९ मार्च, रविवार

वन्सं,

हा शब्द तुम्हाला कधीच आवडला नाही. "वन्सं म्हटलं की मला माझ्याच कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिसतो," असं तुम्ही म्हणाला होतात. तरी तोच लिहिला, कारण दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, हे ठरवता आलं नाही.

पाहा, 'तुम्ही' लिहून चार ओळी झाल्या नाहीत तोच हात अवघडला. पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी तू मला सांगितलं होतंस, गटांगळ्या खाताना 'अहो' म्हणायला वेळ नसतो. तर तूच.

गुरुवारी तुझ्या भावाचा फोन आला. कोर्टाच्या तारखा संपल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. म्हणाला, "ताईच्या छातीत उजवीकडे गाठ निघालीय. कॅन्सरच आहे, पण लवकर सापडलाय. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी चुंबकाचं काहीतरी टोचणार म्हणतात. ते तुमच्या लॅबचंच ना?" मी हो म्हणाले. मग म्हणाला, "मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस." त्याचं नाव न घेता हे पत्र कसं लिहिता येईल याचा मी दोन दिवस विचार केला. खोटं लिहिल्याशिवाय येत नाही. त्याच्यावर चिडू नकोस. आवाजावरून घाबरलेला वाटला.

आपलं शेवटचं बोलणं तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत झालं. तू म्हणालीस, "तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. पण तो माझा भाऊ आहे. मला दोन्ही काठांवर उभं राहता येत नाही." हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर आहे असं समजू नकोस. मला फक्त ते द्रव काय आहे ते सांगायचंय, कारण डॉक्टरांनी घाईत सांगितलं असेल आणि तू मान डोलावली असशील.

काखेत बारीक बारीक गाठी असतात, सगळ्यांनाच. कॅन्सर पसरायला निघाला तर आधी त्यातल्या ज्या गाठीत पोचतो, तिला पहारेकरी गाठ म्हणतात. ती सापडली, काढून तपासली आणि स्वच्छ निघाली, तर मागच्या गाठींना हात लावावा लागत नाही. सापडलीच नाही तर खबरदारी म्हणून पूर्ण काख साफ करतात, आणि मग पुष्कळांचा हात सुजतो. सुजतो तो बहुधा जन्मभरासाठी. दुसऱ्या कुणाला मी हे इतकं उघड लिहिलं नसतं. पण तू उजव्या हातावर लोकांची पोरं पाण्यात तोलून धरतेस. तुझं पोट त्या हातावर आहे, आणि माझ्या मते तुझा स्वभावही.

आमचं द्रव त्या गाठीपर्यंत जातं. त्यात लोखंडाचे कण असतात, गंजाचेच चुलत भाऊ, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. उघडे ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात. म्हणून प्रत्येकाला काचेचा एक पातळ थर देतो आणि त्यावर साखरेच्या जातीच्या लांब धाग्यांचा दुसरा. आतलं लोखंड चुंबकाला ओळख देतं, बाहेरचं मऊ आवरण शरीराला परकं वाटत नाही, आणि मधली काच दोघांना आपापल्या जागी ठेवते. टोचल्यावर हे कण वाहत वाहत पहारेकरी गाठीत जाऊन अडकतात. गाठ तपकिरी दिसते, आणि डॉक्टर चुंबकत्व ओळखून वाजणारी कांडी फिरवून ती शोधतात. मोठ्या इस्पितळांत यासाठी किरणोत्सर्गी द्रव वापरतात. तुमच्याकडे ती सोय नाही.

मधल्या काचेचं काम माझ्याकडे असतं.

उत्तराची अपेक्षा नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. आहे.


१५ मार्च, शनिवार

तुझं उत्तर तुझ्या भावाकडून मिळालं. "भावाला टोचून झालं, आता माझी पाळी का, विचार तिला." त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या सुरात. मी हसले. तोही हसला. मग दोघांनीही एकदम आवरतं घेतलं, एकत्र हसायची सवय मोडलेली असल्यामुळे असेल.

डॉक्टरांना तू हो म्हणालीस आणि ऑपरेशन पंचवीस तारखेला आहे, हेही त्यानं सांगितलं. बरं वाटलं. डॉक्टरांचं नाव आमच्याकडे चांगलं आहे. कांडी फिरवायला घाई करत नाहीत.

इकडे सगळं नेहमीसारखं. तलाव सध्या कोण बघतंय? तुझी ती शिट्टी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असेल अशी कल्पनाच करवत नाही.


१८ मार्च, मंगळवार

'इकडे सगळं नेहमीसारखं' असं मी लिहिलं, तेव्हा तसं नव्हतं. आदल्याच दिवशी एक गोष्ट झाली होती. तुला घाबरवायचं नाही म्हणून लिहिली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ती मिटेल आणि कधी सांगावीच लागणार नाही, अशी आशा होती.

तुझ्या इस्पितळात जायच्या बाटल्या आमच्या थंड कपाटात होत्या. पाठवण्याआधीच्या तपासणीला बाहेर काढल्या, तर प्रत्येकीच्या एका बाजूला आतून तपकिरी डाग धरलेला, न धुतलेल्या चहाच्या कपाला धरतो तसा. डाग सगळ्यांचे एकाच दिशेला. म्हणजे कपाटात कुठेतरी चुंबक होतं.

आता हसशील. आमच्याकडे हाताला येईल त्या कामाला चुंबक वापरायची खोड आहे. कण गोळा करायचे जबर चुंबक टेबलांवर पडलेले असतात. त्यांनी रजेचे अर्ज फळ्यावर लागतात, किल्ल्या टांगल्या जातात, एकानं तर चष्मा ठेवायची सोय केली होती. साहेबांना गेल्या महिन्यात शिस्तीचा झटका आला. त्यांनी सूचना छापली: 'तयार मालाजवळ चुंबक आणू नये.' कपाट उघडल्यावर पहिली नजर तिच्यावरच जावी म्हणून ती आतल्या पातळ पत्र्याच्या फळीवर लावली. आणि कशानं लावली? फळीच्या पलीकडच्या अंगाला तुझ्या बाटल्या टेकून उभ्या होत्या.

कोणी लावली हे विचारायची गरज पडली नाही. खाली साहेबांची सही होती.

माझ्या हाताखाली एक तरुण केमिस्ट आहे. कुणी काहीही सांगितलं तरी "कशावरून?" विचारते, म्हणून तिचं नावच कशावरून पडलंय. ती हसत हसत जमिनीवर बसली. साहेब म्हणाले, "दात काय काढताय? सूचना बरोबरच होती ना?"

"सूचना बरोबर होती, सर," ती म्हणाली. "अंमलबजावणी जरा चिकटली."

साहेबांनी एक बाटली घेऊन खळखळ हलवली. डाग गेला. "झालं! घाला पेटीत."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. थर नीट बसलेले असतील तर चुंबक दूर होताच कण पुन्हा सुटे होतात, जणू कधी एकत्र आलेच नव्हते. पण कुठे काच कमी पडली असेल, तर इतके दिवस एकमेकांना दाबून बसलेले काही कण सुटत नाहीत. त्यांचे पुंजके होतात. डोळ्यांना दिसत नाहीत. टोचले तर टोचल्या जागीच बसून राहतात, काखेपर्यंत पोचत नाहीत. मग डॉक्टर कांडी फिरवणार, कांडी बोलणार नाही, आणि ते खबरदारी घेणार. कसली, ते तुला मागे लिहिलंय.

मी मोजमाप घेतलं. आकडा मर्यादेत आला, पण काठावर. मला तो आकडा आवडला. तो आवडला, हेच मला खटकलं. तुझी तारीख ठरलेली होती, काच माझ्या हातची होती, आणि आकडा म्हणत होता जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं की आता तो नापास व्हावा असं मला वाटतंय, म्हणजे माझ्याकडून तुला काही कमी-जास्त झालं असं कधीच कुणी म्हणणार नाही. दोन्ही वेळा विचार माझाच चालला होता, तुझ्या हाताचा नव्हे.

म्हणून साहेबांकडे गेले. म्हटलं, "या बाटल्यांतून ज्यांना टोचणार त्यांत माझी नणंद आहे."

"नणंद? पण तुमचं तर..."

"हो. झालंय."

"मग ती आता तुमची कोण?"

"ते मला सांगता येत नाही. पण तिच्यासाठी मी हात सैल सोडून तपासतेय की आखडून, हे मला कळेनासं झालंय. तेवढी तरी आहे."

साहेबांनी हातातला पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाले, "कशावरूनला द्या. आता त्या माणसाला देवच वाचवो." माणसाला म्हणजे तुला नव्हे, त्यांना स्वतःला, कारण त्या सूचनेची चौकशीही तीच करणार होती.

निकाल परवा लागेल. तोवर मी तपासणीच्या खोलीत जाणार नाही.


२१ मार्च, शुक्रवार

गेले. खोलीत नाही, दारापर्यंत. दुपारी चहाचा कप तिला नेऊन दिला आणि विचारलं, "दिसतंय ना बरं?"

कशावरूननं चहा घेतला, पण वर पाहिलं नाही. "बाई, तुम्ही विचारताय की सुचवताय?"

मी परत फिरले. कान गरम झाले होते. तुला हे लिहायची गरज नव्हती, पण तू डॉक्टरांवर विश्वास ठेवतेस, डॉक्टर बाटलीवर ठेवतात आणि बाटली आमच्यावर. त्या साखळीत मी दारात चहा घेऊन उभी होते, हे तुला माहीत असावं.

तिनं माझ्या मोजमापाकडे पाहिलंच नाही. काही बाटल्यांतलं द्रव अगदी बारीक गाळणीतून सोडलं. सुटे कण त्यातून आरपार जातात. पत्र्याच्या फळीपासून लांब असलेल्या बाटल्यांची गाळणी पांढरी राहिली. फळीला टेकलेल्यांची तपकिरी झाली. फार नाही, बोटाचा ठसा उमटावा तेवढी. साहेब म्हणाले, लांबच्या बाटल्या तरी पाठवू. ती म्हणाली, "बॅच एक आहे, सर. काच सगळ्यांवर एकाच दिवशी, एकाच भांड्यात चढली. जवळच्यांनी फक्त खोट दाखवली. लांबच्यांत ती नाही हे कशावरून?"

बॅच रद्द झाली. भांडं माझं होतं, दिवस माझा होता. काच कुठे कमी पडली ते शोधतेय.

इस्पितळाला कळवलंय. डॉक्टर तुला दोन वाटा सांगतील. ठरल्या तारखेला नुसता निळा रंग टोचून ऑपरेशन करायचं. रंगानं गाठ बहुतेकदा सापडते, कधी कधी चकवते. किंवा नव्या बॅचसाठी तीनेक आठवडे थांबायचं. यातलं काय निवडावं याबद्दल मी काही लिहिणार नाही. तो माझा प्रांत नाही.


२३ मार्च, रविवार

काल तुझा फोन आला आणि मी अर्धंच बोलले. उरलेलं लिहिते.

इतक्या दिवसांनी तुझा आवाज, आणि पहिलं वाक्य काय, तर "माझं ऑपरेशन तू अडवलंस का गं?"

मी म्हटलं, मी अडवलं नाही, सोडवलंही नाही, बाजूला झाले.

"बाजूला!" तू म्हणालीस. "घरातही तू अशीच. भांडण पेटलं की बाजूला. माझ्या भावाला वाटायचं भिंतीशी बोलतोय." मी ऐकून घेतलं. त्यात थोडं खरं आहे, थोडं नाही, आणि किती किती हे सांगायची वेळ कालची नव्हती.

मग तुझा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणतात थांबलात तरी चालेल. भाऊ म्हणतो लगेच उरकून टाक. मला रात्री कूस बदलताना ती गाठ लागते. आत काहीतरी वाढतंय आणि मी बाहेर तारखा मोजत बसायचं? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही.

"डॉक्टरांना विचारून झालंय. तुला विचारतेय."

म्हटलं, माझं मत निर्मळ नाही, माझंच द्रव आहे.

"अगं बाई, निर्मळ मत देवळात ठेव. तुझं दे."

तेव्हा मी म्हणाले, "मी थांबले असते." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. का, ते सांगायचं राहून गेलं. डॉक्टरांच्या मते तुझी गाठ सावकाश वाढणाऱ्यांतली आहे, आणि हाताचं नुकसान झालं तर ते भरून येत नाही. या दोन गोष्टी मी तराजूत घातल्या. पारडं फार झुकलं नाही, थोडंच झुकलं. जितकं झुकलं तितकंच तुला सांगायला हवं होतं. मी मात्र 'थांबले असते' असं ठाम म्हणून बसले. तुला ठाम काहीतरी हवं होतं, आणि मला ते द्यावंसं वाटलं.

संध्याकाळी तुझा निरोप आला: "थांबतेय. नवीन तू बनव. तपासू दे त्या खडूस पोरीला. पण बनव तू."

साहेबांना विचारलं. ते हो म्हणाले. कशावरूनला 'खडूस' कळवलं. तिनं ते आपल्या कप्प्याच्या दारावर लिहून लावलंय. चिकटपट्टीनं.


१७ एप्रिल, गुरुवार

काच कमी पडायचं कारण सापडलं होतं. ढवळणारं पातं एका बाजूला झिजलं होतं, त्यामुळे भांड्याच्या तळाशी द्रव नीट फिरत नव्हतं. पातं बदललं. काचेचा थर सावकाश चढवला, मग धाग्यांचा. कशावरूननं मुद्दाम चुंबकाशी दाबून ठेवलेल्या बाटलीतलं द्रवही गाळून पाहिलं. गाळणी पांढरी. पास असं लिहिताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि दोघींनी लगेच आपापलं काम काढलं.

परवा तुझं ऑपरेशन झालं, कांडी लगेच बोलली आणि डॉक्टरांनी दोनच गाठी काढल्या, हे तुझ्या भावानं त्याच दुपारी कळवलं. बाकीच्या काखेला हात लागला नाही.

आज त्यानं तपासणीचा अहवाल सांगितला. एक गाठ स्वच्छ. पहारेकरी गाठीत एक ठिपका आहे, मोहरीच्या दाण्याहून लहान. डॉक्टर म्हणतात, एवढ्यासाठी काख साफ करायची गरज नाही, किरणांचे उपचार पुरेत. तुझा भाऊ हे सांगताना खूश होता. मीही खूश व्हायला हवं.

पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. तो ठिपका मार्चच्या शेवटीही तिथे होता, की आपण थांबलो तेवढ्यात आला? डॉक्टर म्हणतील, आधीपासूनच असणार, इतक्यात असं होत नसतं. बहुतेक ते बरोबरच असतील. तरी हे कुणी मोजू शकत नाही, कशावरूनसुद्धा नाही. 'थांबले असते' असं तुला मी म्हणाले. त्यावर तू थांबलीस. हे मी लपवलं तर तू मला कधीच विचारणार नाहीस, आणि मला ते चालणार नाही. म्हणून लिहिते: तो ठिपका त्या आठवड्यांतला असेल, तर त्यात माझा वाटा आहे. माफी मागत नाही, कारण पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा तेच सांगेन. फक्त पुढच्या वेळी किती खात्री आहे तेही सांगेन.

भेटायला येऊ का, हे विचारायचं धाडस अजून होत नाही.


२१ एप्रिल, सोमवार

आज सकाळी तू फोन केलास आणि बोललीस ते सगळं एका दमात.

"तुझं पत्र वाचलं. दोनदा. तो ठिपका आधी होता की नंतर आला, मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुला इतक्या स्वस्तात सांगितलं नसतं. थांबायचं मी ठरवलं. चाळीस पोरांना पाण्यात ढकलणारी बाई आहे मी, कुणी सांगितलं म्हणून उडी मारत नाही. माझ्या भावाशी तू जे वागलीस त्याबद्दल माझं मत आहे तेच आहे, ते बदलणार नाही, तो विषय काढू नकोस. आता ऐक. हात खांद्याच्या वर न्यायला मनाई आहे. आठवडा झाला, केस धुतले नाहीत. भावाला सांगितलं तर तो लाजतो. शेजारीण फार बोलते. तू ये. आजच ये. आणि ते तुझं तोंड पाडून येऊ नकोस."

मी म्हणाले, "दुपारपर्यंत पोचते."

"पाणी तापवून ठेवते," तू म्हणालीस. "डाव्या हातानं जमतं तेवढं."

हे लिहिलंय ते पोस्टात टाकत नाही, बरोबर आणते आहे. तुझ्या उशाशी ठेवीन. कधीतरी वाच.

आधी केस.